देवाचं नाव न घेता दिलेला शब्द

१८६१ सालचा एक इंग्रजी खटला. रॉचडेल या गिरणगावातल्या एका जोडप्याने दावा लावला होता, वाद एका पियानोचा. पियानो आमचा आहे आणि तो परत मिळावा, एवढंच त्यांचं म्हणणं. ते सिद्ध करू शकेल अशी साक्षीदार एकच होती, त्या घरातली बायको. ती साक्षीला उभी राहिली. शपथ देण्याआधी तिला विचारलं गेलं, देवावर तुमचा विश्वास आहे का? मेल्यानंतर पापपुण्याचा हिशेब होतो, असं मानता का? ती म्हणाली, नाही. झालं. तिची साक्षच घेतली गेली नाही, दावा बुडाला आणि वरच्या न्यायालयानेही तोच निकाल कायम केला.

तिने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर पुढचं सगळं सुरळीत झालं असतं. म्हणजे खोटं बोलली असती तर न्यायालयाने तिचा शब्द प्रमाण मानला असता. भर न्यायालयात स्वतःचं नुकसान करून घेत खरं बोलली, म्हणून तिच्या शब्दाला किंमत उरली नाही. जॉन स्टुअर्ट मिलने दोनच वर्षं आधी, १८५९ मध्ये, स्वातंत्र्यावरच्या आपल्या ग्रंथात नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवलं होतं. त्याच्यासमोर १८५७ ची उदाहरणं होती. लंडनमध्ये दोघांना ज्युरीतून काढून टाकलं होतं आणि एका परदेशी माणसाची चोराविरुद्धची फिर्यादच ऐकून घेतली नव्हती. कारण एकच, त्यांनी आपली अश्रद्धा लपवली नव्हती. मिलचं म्हणणं असं, की नास्तिक खोटारडे असतात म्हणून त्यांना दूर ठेवायचं, असा हा नियम आहे. पण प्रत्यक्षात तो खोटं बोलायला तयार असलेल्या नास्तिकांना आत घेतो आणि खरं बोलणाऱ्यांना बाहेर काढतो.

हा नियम आला कुठून, हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्याकडे बेलभंडार उचलायला लावत. खंडोबाचा बेल आणि भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारा वाचत नाही, ही त्यामागची खात्री. वतनाच्या तंट्यात पुराव्यांचा घोळ सुटेना, तर मराठेशाहीत रवादिव्य करवत: उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा आणि हात किती भाजला यावरून गोतसभेने खरंखोटं ठरवायचं. शपथ आणि दिव्य यांचं तर्कशास्त्र एकच. माणसाच्या मनात काय आहे ते पंचांना दिसत नाही, देवाला दिसतं. तेव्हा ज्याला दिसतं त्यालाच साक्षीला बोलवायचं. जॉन लॉकने १६८९ मध्ये धार्मिक सहिष्णुतेची एवढी थोर बाजू मांडली, पण नास्तिकाला तिच्यातून वगळलं, ते याच कारणाने. वचन, करार, शपथ या समाजाला बांधून ठेवणाऱ्या गोष्टी. ज्याला देवाचं भय नाही त्याला त्या कशा बांधणार? लॉकचा हा प्रश्न फालतू नव्हता. त्याचं उत्तर शोधायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते याचं, की उत्तराची वाट पहिल्यांदा पाडली ती नास्तिकांनी नव्हे, अतिशय श्रद्धाळू माणसांनी. क्वेकर पंथाचे ख्रिस्ती लोक शपथ घेत नसत. शपथ वाहूच नका, असं येशूनेच सांगितलं आहे, आणि शपथेवर तेवढं खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायची मुभा आहे असं होतं, ही त्यांची भूमिका. त्यांच्या हट्टापायी इंग्रजी कायद्यात शपथेऐवजी 'प्रतिज्ञेवर सांगतो' एवढं म्हणायची सोय झाली आणि १८३३ मध्ये जोसेफ पीझ हा क्वेकर तशी प्रतिज्ञा करून पार्लमेंटात बसला. आपल्याकडे १८४० च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांची गंगाजल किंवा कुराण हातात घेण्याच्या सक्तीतून सुटका केली. त्या शपथा त्यांच्या मनाला टोचतात आणि न्यायाच्या कामात अडथळा येतो, असं त्या कायद्यातच म्हटलं आहे. यात नवल नाही. शपथ वंशाला बाधते, खरं बोलतानासुद्धा देवाला मध्ये ओढू नये, असं मानणारी माणसं आपल्याकडे आजही घरोघर भेटतील. पण १८४० च्या त्या प्रतिज्ञेतसुद्धा 'सर्वशक्तिमान देवाच्या समक्ष' हे शब्द होतेच. देव मुळीच न मानणाऱ्या माणसाची सोय व्हायची बाकी होती. ती ज्याच्यामुळे झाली तो चार्ल्स ब्रॅडलॉ.

ब्रॅडलॉ १८३३ मध्ये पूर्व लंडनमधल्या गरीब वस्तीत जन्मला. वडील वकिलाकडे कारकून. मुलगा हुशार, चर्चच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवायचा. बिशप येणार म्हणून पाद्रीसाहेबांनी त्याला धर्मग्रंथांचा नीट अभ्यास करायला सांगितलं. त्याने तो खरोखरच नीट केला, चारही शुभवर्तमानं एकमेकांशी ताडून पाहिली, कुठे कुठे मेळ बसेना म्हणून पाद्र्यांना पत्र लिहून खुलासा विचारला. उत्तरादाखल त्याच्यावर नास्तिकतेचा ठपका आला आणि शिकवणं बंद झालं. तेव्हा तो खरं तर नास्तिक नव्हताही. घर सुटलं, काही काळ फौजेत घोडदळात काढला, मग वकिलाच्या कचेरीत नोकरी. कायदा तिथे इतका पक्का शिकला, की पुढे स्वतःचे खटले स्वतःच चालवू लागला.

त्याच्या नास्तिकतेचं स्वरूप नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण नास्तिक म्हणजे 'देव नाही' असं ठणकावणारा, अशी आपली समजूत असते. ब्रॅडलॉ तसं म्हणत नसे. त्याचं म्हणणं साधारण असं: तुम्ही देव म्हणता तेव्हा तुमच्या मनात नेमकं काय आहे, याची स्पष्ट कल्पना मला कोणी देत नाही, ज्याची कल्पनाच मला करता येत नाही ते नाही म्हणण्यालाही अर्थ नाही, मी फक्त त्या कल्पनेवाचून जगतो. आपल्या गोपाळ गणेश आगरकरांची अज्ञेयवादी भूमिका याच्या अगदी शेजारी बसते. आगरकर मिल आणि स्पेन्सर कोळून प्यालेले. 'सुधारका'तल्या 'देवतोत्पत्ति' या लेखनात त्यांनी देव आहे की नाही यावर भांडण मांडलं नाही. देव ही कल्पना माणसाच्या मनात कशी उगवली असेल, याचा माग काढला.

१८६६ मध्ये ब्रॅडलॉने नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली. 'सेक्युलॅरिझम', म्हणजे इहवाद, हे नाव मात्र त्याच्याआधी, १८५१ मध्ये, जॉर्ज जेकब होलीओकने रूढ केलं होतं. व्याख्यानात देवाबद्दल विचारलेल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलं म्हणून हा होलीओक १८४२ मध्ये सहा महिने तुरुंगात होता. तो आत असतानाच त्याची लहान मुलगी वारली. या दोघांमध्ये एका मुद्द्यावर जाहीर वाद झाला. ब्रॅडलॉला वाटे, इहवादाचा रस्ता शेवटी नास्तिकतेकडेच जाणार. होलीओक म्हणे, मुळीच नाही. या जगातले प्रश्न या जगातल्या साधनांनी सोडवायला आस्तिक आणि नास्तिक शेजारी शेजारी बसू शकतात. माझ्या मते होलीओकचं बरोबर होतं आणि त्याचा पुरावा नकळत ब्रॅडलॉच्याच आयुष्याने दिला.

एप्रिल १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी ब्रॅडलॉला निवडून दिलं. ते चांभारकामाचं, जोडे बनवणाऱ्या कामगारांचं गाव. ३ मे रोजी तो सभागृहात गेला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या, असा लेखी अर्ज त्याने सभापतींना दिला. त्याचा युक्तिवाद कारकुनी वळणाचा आणि चोख होता. १८६९ च्या कायद्याने नास्तिकाला न्यायालयात प्रतिज्ञेवर साक्ष देता येते (त्या सुधारणेलाही ब्रॅडलॉचाच एक खटला कारण झाला होता). पार्लमेंटचा १८६६ चा कायदा सांगतो, की क्वेकर आणि 'कायद्याने प्रतिज्ञेची मुभा असलेले इतर' प्रतिज्ञा करू शकतात. तेव्हा मी त्या 'इतरां'तला. समिती बसली, मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या एका मताने अर्ज फेटाळला गेला. मग ब्रॅडलॉ म्हणाला, ठीक, मी शपथ घेतो. कायद्याने मला ती घ्यायला लावलीच आहे. मात्र तिच्यातले देवाबद्दलचे शब्द माझ्यापुरते अर्थहीन आहेत, हे त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून आधीच सांगून टाकलं. आता विरोधक म्हणू लागले, याला शपथही घेऊ देता कामा नये. पियानोच्या खटल्यातलाच पेच इथे राष्ट्राच्या सभागृहात उभा राहिला. ते पत्र त्याने लिहिलंच नसतं, तर दोन मिनिटांत शपथ उरकून तो बाकावर बसला असता.

२३ जूनला सभागृहाने त्याला बाहेर जायला सांगितलं. तो जाईना. तेव्हा त्याला अटक करून घड्याळाच्या मनोऱ्यातल्या, म्हणजे बिग बेनच्या मनोऱ्यातल्या, कोठडीत ठेवलं. त्या मनोऱ्यात कैद झालेला तो शेवटचा खासदार. दुसऱ्या दिवशी सोडलं. जुलैत स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करायची परवानगी मिळाली, तो बसला, मतं देऊ लागला. लगेच त्याच्यावर दावा लागला, कारण शपथेविना दिलेल्या प्रत्येक मतापायी पाचशे पौंड दंडाची तरतूद होती. न्यायालयाने प्रतिज्ञा अवैध ठरवली, जागा रिकामी झाली. एप्रिल १८८१ मध्ये पोटनिवडणूक लागली. नॉर्थॅम्प्टनने पुन्हा त्यालाच निवडून दिलं.

मग ३ ऑगस्ट १८८१ उजाडला. हजारो लोक अर्ज घेऊन वेस्टमिन्स्टरला जमले होते. ब्रॅडलॉ सभागृहाच्या दारात गेला. उंच, रुंद खांद्यांचा, भारदस्त माणूस. मी निवडून आलेला सभासद आहे, मला आत जाऊ द्या, असं म्हणत त्याने पाऊल पुढे टाकलं आणि पोलीस व शिपायांनी मिळून त्याला धरलं. झटापट करत, जिन्यावरून ओढत त्याला अंगणात आणलं. कोट फाटला, चेहरा पांढरा पडला. बाहेर उभ्या असलेल्या पोलीस अधिकाऱ्याला तो म्हणाला, की मी पुरेसं बळ घेऊन परत येईन. अधिकाऱ्याने विचारलं, कधी? ब्रॅडलॉ म्हणाला, मी हात वर केला तर मिनिटाच्या आत. गर्दी खरंच तेवढी होती, तेवढी चिडलेली होती आणि त्याच्या शब्दावर चालणारी होती. त्याने हात वर केला नाही. ज्याला कसलंच भय नाही त्याला कोण आवर घालणार, असं लॉक विचारत होता. त्या दुपारी, त्या अंगणात, त्या माणसाला आतून कशाने तरी आवर घातला होता.

१८८२ मध्ये तर त्याने कमालच केली. सरळ टेबलापाशी चालत गेला, खिशातून बायबल काढलं, स्वतःच स्वतःला शपथ दिली आणि सही केली. सभागृहाने त्याला काढून टाकलं. नॉर्थॅम्प्टनने परत पाठवला. १८८४ मध्ये पुन्हा तेच, आणि मग १८८५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पाचव्यांदा. या जोडे शिवणाऱ्या मतदारांचं मला फार कौतुक वाटतं. त्यातले कितीतरी जण नियमाने प्रार्थनेला जाणारे असणार. आपला प्रतिनिधी देव मानतो की नाही हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. आमचा माणूस तुम्ही कोण अडवणारे, हा प्रश्न होता.

या सगळ्यातलं सर्वांत उंच भाषण मात्र एका कट्टर आस्तिकाचं आहे. पंतप्रधान ग्लॅडस्टन धर्मनिष्ठ ख्रिस्ती. एप्रिल १८८३ मध्ये सर्वांना प्रतिज्ञेची मुभा देणारं विधेयक मांडताना त्याने विरोधकांना विचारलं, की तुम्ही नेमकं काय वाचवताय? कॅथलिकांना १८२९ मध्ये आत घेतलं, ज्यूंना १८५८ मध्ये घेतलं. म्हणजे येशूवरची श्रद्धा ही अट तर गेलीच. आता 'कुठला तरी देव' एवढंच तुम्ही राखताय. मग त्याने भर सभागृहात रोमन कवी लुक्रेशियसच्या लॅटिन ओळी म्हटल्या, ज्यांतले देव दूर कुठेतरी स्वस्थ आहेत आणि माणसाच्या सुखदुःखाशी त्यांना देणंघेणं नाही. असला बिनकामाचा देव मानणारा तुमच्या शपथेत आरामात बसतो, आणि तोच तर धर्माला खरा धोका आहे, असं त्याचं म्हणणं. श्रद्धेला कायद्याचं कुंपण घातल्याने श्रद्धाच उथळ होते, हे एका श्रद्धावंताने इतक्या ताकदीने क्वचितच मांडलं असेल. विधेयक तीन मतांनी पडलं, २९२ विरुद्ध २८९.

शेवटी कोंडी सुटली ती अगदी साधेपणाने. जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभागृहात सभापती आर्थर पील यांनी जाहीर केलं, की शपथ घ्यायला आलेल्या सभासदाला अडवण्याचा अधिकार मलाही नाही आणि इतर कुणालाही नाही. सहा वर्षं ज्यावर भांडण पेटलं होतं त्या प्रश्नाला त्यांनी 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलंच नाही. नास्तिकाच्या शपथेला अर्थ असतो का, हे ठरवायला सभासदाच्या मनात डोकवावं लागतं. आणि तिथे डोकवायचं सभागृहाला काहीच कारण नाही. धर्मनिरपेक्ष राज्य म्हणजे काय, याचं इतकं नेमकं दर्शन मला दुसरीकडे कुठे झालेलं नाही. ब्रॅडलॉ शपथ घेऊन बसला आणि दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, कुणालाही शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येईल असा कायदा त्याने स्वतः मंजूर करून घेतला. त्याच वर्षी इकडे पुण्यात आगरकरांचा 'सुधारक' निघाला. आणखी चार वर्षांनी मुंबईचे दादाभाई नवरोजी त्याच सभागृहात निवडून गेले आणि त्यांनी खोर्देह अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली.

ब्रॅडलॉ मुंबईलाही येऊन गेला. पार्लमेंटात हिंदुस्थानच्या प्रश्नांचा तो इतका पाठपुरावा करी, की त्याला 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणत. मोठ्या आजारातून उठून डिसेंबर १८८९ मध्ये तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. १८८९ सालच्या त्या अधिवेशनाला प्रतिनिधीही १८८९ च होते. टिळक होते, गोखले होते, पंडिता रमाबाई होत्या. सनातनी, सुधारक, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशा त्या मांडवाने इंग्लंडातल्या सर्वांत कुप्रसिद्ध नास्तिकाचा मनापासून सत्कार केला. होलीओकचं बरोबर होतं, असं मी म्हटलं ते यासाठी.

जानेवारी १८९१ मध्ये तो मरणपंथाला लागला असताना सभागृहाने १८८० चा त्याच्याविरुद्धचा ठराव नोंदवहीतून काढून टाकायचं ठरवलं. ते त्याला कळलंच नाही. तीन दिवसांनी तो गेला. लंडनच्या बाहेर ब्रुकवुडला अंत्यविधी झाला, त्याला तेव्हा लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकणारे मोहनदास गांधी हजर होते. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठून तुमचा देव केवढा आणि राहतो कुठे, असं छेडलं; पाद्री नम्रपणे म्हणाला, तो आपल्या दोघांच्याही हृदयात आहे. या प्रसंगाने नास्तिकतेबद्दलचा आपला प्रतिकूल ग्रह वाढला, असं गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे. तरीही ते त्या अंत्ययात्रेला गेले होते. पुढे लाहोरला ब्रॅडलॉ हॉल उभा राहिला, तिथे नॅशनल कॉलेज चाललं, त्यात भगतसिंग शिकला. आणि १९३० मध्ये लाहोरच्याच तुरुंगात आपण नास्तिक का आहोत हे त्याने लिहून ठेवलं. एका इंग्रज नास्तिकाच्या नावाच्या इमारतीत वावरलेल्या मुलाचा तो निबंध आहे, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ थक्क होतो.

आपल्या घटना समितीतही हा विषय दोनदा निघाला. डिसेंबर १९४८ मध्ये राष्ट्रपतींच्या शपथेत देवाचं नाव असावं, असा आग्रह हरी विष्णू कामत आणि महावीर त्यागी यांनी धरला. डॉ. आंबेडकरांनी तो मानला, पण 'गांभीर्यपूर्वक' हा पर्याय शेजारी ठेवून. आणि १७ ऑक्टोबर १९४९ ला कामतांनी सुचवलं, की उद्देशिकेची सुरुवातच 'ईश्वराच्या नावाने' व्हावी. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी. थानू पिल्ले म्हणाले, मी स्वतः आस्तिक आहे, पण हे केलं तर श्रद्धेची सक्ती होते. हृदयनाथ कुंझरूंनी बजावलं, की जी गोष्ट ज्याच्या त्याच्या मनाची आहे ती सर्वांच्या वतीने बोलू नये. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं, की देवावर मतदान करायची पाळी आमच्यावर आणू नका. कामत ऐकेनात. मतदान झालं. बाजूने ४१, विरुद्ध ६८. त्या अडुसष्टांतले बरेच जण घरी जाऊन देवापुढे निरांजन लावणारे असणार.

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत म्हणूनच दोन्ही पर्याय एकाच वाक्यात छापलेले आहेत आणि मंत्री, आमदार, न्यायाधीश त्यातला हवा तो उचलतात. न्यायालयातल्या साक्षीदाराला हीच मोकळीक १९६९ च्या शपथ कायद्याने आहे. सिनेमात दिसते तशी गीतेवर हात ठेवायची सक्ती त्यात कुठेही नाही. 'ईश्वरसाक्ष' म्हणावं की 'गांभीर्यपूर्वक', याचं कारण सांगायची अटही त्यात नाही. आणि काहीही म्हणून खोटं बोललात, तर न्यायालयातल्या खोट्या साक्षीला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंतचा कारावास आहे, दोघांनाही सारखाच.